खरी फियाट अबार्थ 595 कशी पारखावी

जुनी फियाट अबार्थ 595 विकत घेण्याचा विचार असेल, तर गाडीच्या नाकावरचा विंचवाचा बिल्ला सर्वांत शेवटी पाहावा. फियाटच्या गाड्या बदलून अधिक वेगवान करणाऱ्या कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक, म्हणून हे चिन्ह आले. पण तो बिल्ला कोणत्याही फियाट 500 वर दोन मिनिटांत बसवता येतो.

अशी नक्कल सोपी का, हे या गाडीच्या इतिहासावरून कळते. जुलै 1957 मध्ये आलेल्या फियाट 500 चे इंजिन 479 सीसीचे होते आणि त्याची ताकद जेमतेम 13 अश्वशक्ती होती. अबार्थ यांनी त्यावर काम करून फेब्रुवारी 1958 मध्ये मोंझाच्या ट्रॅकवर ही चिमुकली गाडी सात दिवस-रात्र ताशी सरासरी 108 किलोमीटर वेगाने पळवली. पुढे 1963 मध्ये 27 अश्वशक्तीची 595 आली. तूरिनमधील कोर्सो मार्के येथील त्यांच्या कारखान्यात फियाटच्या तयार 500 गाड्याच आणून बदलल्या जात. शिवाय बदलाचे सुटे भाग पेटीत घालून विकलेही जात, त्यामुळे हे काम दूरच्या गॅरेजातही होऊ शकत असे. त्या काळात पेटीतील भागांनी बदललेल्या गाडीला बनावट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मात्र तिला कारखान्यात बदललेल्या गाडीची किंमत देऊ नये.

आधी दरवाजे पाहावेत. मार्च 1965 पर्यंतच्या 500 डी मॉडेलची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलट उघडणारी होती. त्यानंतरच्या 500 एफ मॉडेलमध्ये बिजागरी पुढे आली. म्हणून 1963 किंवा 1964 ची म्हणून दाखवलेली 595 सरळ उघडणाऱ्या दारांची असेल, तर सांगितलेले वर्ष आणि गाडीचा सांगाडा यांचा मेळ बसत नाही.

खरी मेख इंजिनात आहे. 595 मध्ये सिलिंडरचा व्यास 73.5 मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली सरकण्याचे अंतर, 70 मिलिमीटर, म्हणजे दोन सिलिंडर मिळून साधारण 594 सीसी. नेमकी हीच मापे 1972 साली आलेल्या फियाट 126 च्या इंजिनाचीही आहेत, आणि ते इंजिन जुन्या 500 मध्ये सहज बसते. त्यामुळे ‘मापून पाहा, 594 सीसी भरते’ हा विक्रेत्याचा दाखला पुरावा ठरत नाही. अबार्थच्याच मोठ्या इंजिनाच्या 695 च्या बाबतीत मात्र माप उपयोगी पडते. तिचा व्यासही 76 आणि स्ट्रोकही 76 मिलिमीटर होता, तर 126 च्या नंतरच्या 652 सीसी इंजिनाचा स्ट्रोक 70 च राहिला. हेड उघडून पिस्टन अगदी खालून अगदी वरपर्यंत किती सरकतो ते डेप्थ गेजने (खोली मोजण्याच्या मापकाने) मोजले, की सहा मिलिमीटरचा फरक लपत नाही.

595 साठी याऐवजी भोवतालचे भाग तपासावे लागतात. इंजिनाच्या तळाशी अबार्थचे नाव ओतलेला, जास्त तेल मावणारा ॲल्युमिनियमचा ऑइल संप आहे का ते पाहावे. सोलेक्स कार्ब्युरेटरचा आकारही बघावा: साध्या 595 ला 28 मिलिमीटरचा, तर 595 च्याच 32 अश्वशक्तीच्या ‘एसएस’ आवृत्तीला 34 मिलिमीटरचा कार्ब्युरेटर असे. अर्थात हे भागही बाहेरून आणून लावता येतात. टेकू देऊन उघडे ठेवलेले इंजिनाचे झाकण मात्र काहीच सिद्ध करत नाही.

शेवटी कागद. इटलीत नोंदलेल्या गाडीसाठी सार्वजनिक वाहन नोंदणी कार्यालयाकडून, म्हणजे ‘पीआरए’कडून, मालकांचा कालानुक्रमिक उतारा मागवावा आणि त्यातील पहिल्या नोंदणीची तारीख दारांच्या पुराव्याशी ताडून पाहावी. अबार्थ कंपनी 1971 मध्ये फियाटकडे गेली, आणि 1972 च्या अखेरीस आलेल्या साध्या 500 आर मॉडेललाच 594 सीसीचे इंजिन मिळाले. तेव्हा उताऱ्यात 1973 किंवा नंतरची पहिली नोंदणी दिसली, तर समोरची ‘595’ बहुधा हीच साधी 500 आर असते.