अंगणात बास्केटबॉलची रिंग लावायची, तर आधी माती पाहा

बास्केटबॉलचा स्टँड बघायला दुकानात जाण्याआधी घरची सब्बल काढा आणि जिथे खांब रोवायचं मनात आहे तिथे खणून पाहा. आमच्या हिंगणघाटच्या बाजूला बहुतेक अंगणांत वरचा मुरूम सरकवला की खाली काळीभोर माती लागते. कपाशी-तुरीला ती हवीच, पण खांब तिच्यात उभा राहत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात अशा भेगा पडतात की आत अख्खा पंजा जातो. रिंग कुठली, बोर्ड कुठला हे सगळं या मातीनंतर ठरवायचं.

आम्ही उलटं केलं. थोरली शाळेच्या संघात खेळायला लागली, घरी सराव हवा म्हणाली, तेव्हा आधी चाकांचा तयार स्टँड मागवला. त्याच्या बुडाशी प्लास्टिकची टाकी असते, ती पाण्याने भरायची. एका लिटरमागे एक किलो, म्हणजे 100 लिटरला 100 किलो वजन. तेवढं पुरेल असं वाटलं. पण चैत्राच्या उन्हाने टाकीला शिवणीजवळ बारीक चीर गेली, पाणी थेंबाथेंबाने झिरपत राहिलं आणि कोणाच्या ध्यानात आलं नाही. एका संध्याकाळी अवकाळीचं वादळ उठलं आणि तो स्टँड बोर्डासकट उभ्या बैलबंडीवर येऊन पडला. धाकटा नुकताच तिथून घरात आला होता. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

घर भाड्याचं असेल, खणता येत नसेल, तर चाकांचाच घ्यावा लागतो. मग टाकीत पाण्याऐवजी कोरडी वाळू भरा. तेवढ्याच जागेत ती पाण्याच्या साधारण दीडपट वजन देते आणि चीर गेली तरी एकदम रिकामी होत नाही. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत आभाळ भरून आलं की स्टँड आडवा करून ठेवायचा, त्यात आळस नको. भिंतीवर बोर्ड लावायचा विचार फक्त पक्क्या विटांच्या किंवा स्लॅबच्या घरात करा. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही, आणि कवेलूच्या छपराखाली रिंग लावली तर प्रत्येक चुकलेला चेंडू कवेलू फोडतो.

घर आपलं असेल तर खांब रोवा. आमचा पहिला खांब दोनच फूट खोल रोवला होता. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला, ओळंबा लावून पाहिला तर तो गोठ्याकडे चांगलाच कलला होता. गावातल्या वेल्डिंगवाल्या भाऊंना वाटलं असेल की मी त्यांच्या कामाला नावं ठेवते. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, खांब वाकला नाही, जमिनीनं ढकलला त्याले. मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर दरवर्षी हेच होईन."

मग दुसऱ्यांदा खणलं. साडेतीन फुटांवर पिवळा मुरूम लागला, त्यात आणखी पाऊण फूट गेलो. खड्डा वर दोन फूट आणि तळाशी त्याहून रुंद ठेवला, मडक्यासारखा. काळ्या जमिनीवरच्या इमारतींचा पायाही कित्येकदा असाच तळाशी फुगीर घेतात, म्हणजे माती फुगली तरी त्याला वर उचलू शकत नाही. पाइपच्या बुडाला सळईचे दोन तुकडे आडवे वेल्ड केले, त्यामुळे खांब जागच्या जागी फिरत नाही. सिमेंट, वाळू, गिट्टी एक, दोन, चार अशा प्रमाणात. वरचं तोंड पाइपापासून बाहेर उताराचं केलं, कारण पाइप सडतो तो जमिनीला टेकतो तिथेच. बाजूची पोकळी मुरूम टाकून ठोकून भरली, काढलेली काळी माती परत टाकली नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. सासूबाई रोज लोटा घेऊन जायच्या, आणि तोवर चेंडूला कोणी हात लावायचा नाही हा नियमही त्यांनीच पाळून घेतला.

पाइप घेताना त्यावरचा रंगाचा पट्टा पाहा. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपात पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. आपल्या कामाला चार इंची, निळ्या पट्ट्याचा घ्या. त्याची जाडी साधारण साडेचार मिलिमीटर असते. पाइप वीस फुटी येतो. चार फूट जमिनीत, बारा वर, आणि उरलेल्या चार फुटांतून बोर्ड पुढे धरणारा हात निघतो. तो हात दोन-अडीच फूट तरी हवा, नाहीतर धावत येणारं पोर सरळ खांबावर आपटतं. आम्ही खांबाला छातीपर्यंत जुन्या गादीचा कापूस भरून ताडपत्री गुंडाळली आहे.

जागा ठरवताना आधी वर मान करून बघा. खेड्यात खांबावरून घरात येणारी विजेची वायर अंगणावरूनच जाते, तिच्या खाली किंवा आसपास रिंग नको. मग फाटकातून बंडी आणि ट्रॅक्टर वळवून पाहा. आमच्याकडे ट्रॉलीचा मागचा कोपरा जिथून फिरतो तिथे चुन्याने खूण केली आणि खांब त्याच्या बाहेर घेतला. बोर्ड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. पोरं खेळतात सकाळी नाहीतर दिवस मावळताना, आणि पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या बोर्डाकडे पाहताना तेव्हा डोळे मिटतात.

रिंग टेपने मोजून घ्या. आतला व्यास 45 सेंटीमीटर हवा. बाजारात खेळण्यातल्या लहान रिंगा त्याच रंगात मिळतात, आणि लहान रिंगवर बसलेला हात सामन्यात चुकतो. गावात बनवून घेणार असाल तर 16 मिलिमीटरची गुळगुळीत सळई वापरा. घरबांधणीच्या सळईला आटे असतात, त्यावर जाळी घासून तुटते. जाळी अडकवायला बारा कड्या. बोर्डाला अ‍ॅक्रेलिक दिसायला छान, पण आमचा वॉटरप्रूफ 18 मिलिमीटर प्लायचा आहे, चार बाय तीन फूट. एका मोठ्या शीटमधून दोन निघतात, दुसरा शाळेला दिला. प्लायच्या कडांना रंगाचे तीन हात द्या, पाणी कडांमधूनच शिरतं. मधला चौकोन 59 बाय 45 सेंटीमीटर, त्याची खालची रेघ रिंगच्या पातळीत.

उंचीवर घरात वाद झाला. रिंग दहा फुटांवर असते, कारण 1891 साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी फळांच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला लावल्या, तो सज्जा तेवढ्या उंचीवर होता. थोरलीला दहा फूटच हवे. पण आठ वर्षांचा धाकटा एवढ्या उंचीवर फेकताना पाठ वाकवून पूर्ण अंग झोकतो आणि चुकीची सवय लागते. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग 2.60 मीटरवर, म्हणजे साडेआठ फुटांवर असते. म्हणून हात खांबाला वेल्ड केला नाही. आरपार बोल्टची भोकं दोन उंचींवर पाडून घेतली, दोन माणसं शिडी लावून बदलतात. भाऊंना हे काम जास्तीचं वाटलं होतं, मी मात्र अडून राहिले. घरात लहान-मोठी दोन मुलं असतील तर तुम्हीही अडून राहा.

खाली कोबा हवाच, शेणसड्याच्या जमिनीवर चेंडू उसळत नाही. बोर्डाच्या रेषेपासून 15 फुटांवर फ्री थ्रोची, म्हणजे कोणी न अडवता चेंडू टाकायची रेघ येते, तेवढा तरी करा, पाणी जाईल असा थोडा उतार देऊन. हाच कोबा आम्हाला सोयाबीन वाळवायला उपयोगी पडतो, त्यामुळे घरातल्या मोठ्यांचा होकार लवकर मिळाला. चेंडू रबराचाच घ्या, कोब्यावर चामडं टिकत नाही. लहानाला 5 नंबर, थोरलीसारख्या मुलींना 6 नंबर. उन्हात पडू देऊ नका.

जाळी मात्र आमच्या उन्हात वर्षभरही धरत नाही. घेताना दोन घ्या, दुसरी कोठीत ठेवा. आमची पहिली दसऱ्याला बांधली होती, होळीपर्यंत ती सातच कड्यांना लटकून राहिली. गेल्या रविवारी थोरलीने शिडीवर चढून नवी बांधली, उरलेल्या रंगाने फ्री थ्रोची रेघ पुन्हा ओढली, आणि रंग वाळेपर्यंत तिच्यामागे पायऱ्यांवर बसून राहिली.