जर्मनीतील लहान गावात राहायला गेल्यावर नावनोंदणी कशी करावी

ऱ्हाइनलांड-फाल्त्स या राज्यात सुमारे २३०० गेमाइंडे, म्हणजे स्वतःचा कारभार पाहणारी गावे व शहरे, आहेत आणि त्यांतील कित्येकांची वस्ती पाचशेच्याही आत आहे. आयफेल भागातील डीरफेल्डमध्ये तर दहाएक माणसेच राहतात, तरीही ती कायद्याने स्वतंत्र गेमाइंडे आहे. अशा गावात नव्याने आलेला माणूस साहजिकच गावातच कचेरी शोधतो. पण गावचा ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे सरपंच, मानद असतो, स्वतःची नोकरी किंवा शेती सांभाळून तो हे काम करतो आणि रहिवासी म्हणून नावनोंदणी त्याच्याकडे होत नाही. ती अनेक गावांच्या मिळून असलेल्या फेरबान्ड्सगेमाइंडेच्या कचेरीत होते. निवास परवान्यासाठी मात्र त्याहून वरच्या पातळीवर, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत जावे लागते.

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करणे बंधनकारक आहे, म्हणून कचेरीची वेळ लगेच ठरवून घ्यावी. सोबत कुटुंबातील सर्वांचे पासपोर्ट, लागल्यास विवाहाचे व जन्माचे दाखले आणि घरमालकाच्या सहीचे, तुम्ही राहायला आल्याची तारीख नमूद करणारे प्रमाणपत्र न्यावे. भाडेकरार या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही आणि बहुतेकांचे काम येथेच अडते. वास्तविक ते देणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे चावी घेतानाच ते निःसंकोच मागावे. अर्जातील धर्माचा रकानाही विचारपूर्वक भरावा, कारण तेथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सदस्यत्व नोंदवले की उत्पन्नावर चर्चचा कर लागू होतो.

कचेरीत जाण्याआधीच टपालपेटीवर आपले आडनाव ठळकपणे लावावे. पहिल्या नोंदणीनंतर कर क्रमांक टपालानेच येतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि तो क्रमांक नोकरी देणाऱ्या मालकाला वेळेत न मिळाल्यास पगारातून जास्त दराने कर कापला जातो.

कागदपत्रे झाली तरी ब्युर्गरमाइस्टरला आवर्जून भेटावे. सभागृह भाड्याने घेणे, रस्त्यावरचा दिवा, स्मशानभूमी, खेळाचे मैदान असे विषय गावाच्याच हातात असतात. भारतीय नागरिकाला तेथील स्थानिक निवडणुकीत मत देता येत नाही, परंतु गावच्या परिषदेच्या बैठका काही गोपनीय विषय वगळता सर्वांना खुल्या असतात आणि त्यांची सूचना फेरबान्ड्सगेमाइंडेच्या पत्रकात छापून येते. तीनशेपर्यंत वस्तीच्या गावात परिषदेचे सदस्य सहाच असतात. त्यामुळे एका संध्याकाळी मागच्या खुर्चीवर शांतपणे बसले, तरी पुढच्या वेळी सगळे तुम्हाला ओळखतात.