देवराईची गोष्ट गावात कशी सांगावी

देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, असलेल्या गावात निसर्गसंवर्धनाविषयी बोलायला जाणारा माणूस बहुधा एक चूक करतो आणि ती मीही केली आहे: तो ऐकण्याआधी बोलू लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात ग्रामदेवतेच्या देवळात बसून मी जंगलतोड, जैवविविधता आणि हवामानबदल यांवर पाऊण तास बोललो. मंडळींनी निमूटपणे ऐकून घेतले, चहा दिला, आणि मी उठू लागलो तेव्हा एका आजोबांनी विचारले, "राईत जाऊन आलात काय?" मी गेलो नव्हतो. त्यानंतरच्या दोन तासांत त्यांनी मला जे दाखवले, त्यावरून गोष्ट सांगण्याची पुढील रीत हळूहळू बसत गेली.

पहिले काम म्हणजे गुरवाला किंवा एखाद्या मानकऱ्याला सोबत घेऊन, चपला बाहेर काढून राईत जाणे. राईतली वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही हा नियम अनेक गावांत आहे. आपल्या गावात तो नेमका कसा पाळला जातो, आणि कार्यासाठी लाकूड हवे असल्यास देवाला कौल लावण्याची पद्धत कशी आहे, हे तपशिलाने विचारावे. प्रत्येक मोठ्या झाडाचे गावातले नाव, त्याच्याशी जोडलेली आठवण आणि शेवटचे झाड कधी व कशासाठी तोडले गेले, हे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावे. पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात केला. तो अवश्य वाचावा. मात्र गावासमोर बोलताना अभ्यासकांच्या नावांपेक्षा वहीतल्या या नोंदींना अधिक वजन असते.

दुसरे, गोष्टीला एकच नायक असावा. 'जैवविविधता' या शब्दावर कोणाचाही जीव जडत नाही. तो जडतो धनेश पक्ष्यावर. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल व विष्ठा यांनी ढोलीचे तोंड आतून लिंपत आणते, इतके की शेवटी चोच बाहेर निघेल एवढीच फट उरते. आत ती अंडी घालते, तिची उडण्याची पिसे गळतात, आणि त्या काळात तिचे व पिलांचे पोट सर्वस्वी नरावर अवलंबून असते. नर दिवसभर उंबर-वडाची फळे आणून त्या फटीतून भरवत राहतो. तो कोणाच्या बंदुकीला बळी पडला, तर आतल्या कुटुंबाचे काय होते हे वेगळे सांगावे लागत नाही. तेथे थांबावे आणि ऐकणाऱ्यांना गप्प राहू द्यावे. मग राईतल्या एखाद्या जुन्या बेहड्याकडे बोट दाखवून सांगावे की असे घर दहा-वीस वर्षांच्या झाडाला पुरवता येत नाही, कारण एवढी मोठी ढोली होण्यासाठी खोड तितके जाड आणि म्हातारे व्हावे लागते. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावण्याचा हिशेब कोठे चुकतो, हे लोकांना या एका वाक्यात उमगते. पक्ष्याला गावात जे नाव असेल तेच वापरावे, पुस्तकातले नव्हे.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. राई तोडली की देव कोपतो, अमक्याने फांदी तोडली आणि त्याचा बैल मेला, अशा कथा प्रत्येक गावात ऐकू येतात. त्यांची टर उडवू नये, कारण त्यांनीच कित्येक पिढ्या ही झाडे राखली; पण केवळ त्यांच्यावर विसंबूनही राहू नये. भीतीची गोष्ट कोणीतरी झाड तोडून सुखरूप राहीपर्यंतच टिकते. म्हणून त्या कथेशेजारी पाण्याची कथा ठेवावी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये हंडे रांगेत लागतात. राईतला पालापाचोळा ते पाणी अडवतो, ते जमिनीत मुरते आणि पुढे झऱ्यावाटे सावकाश बाहेर येते. हे भाषणात सांगण्यापेक्षा शाळेतल्या मुलांना राईखालच्या झऱ्यावर न्यावे आणि एकच कळशी भरायला किती वेळ लागतो हे दर पौर्णिमेला मोजून शाळेच्या फळ्यावर लिहायला लावावे. चैत्र-वैशाखात तो आकडा मुलेच घरी जाऊन सांगतात, आणि पोराने सांगितलेले आई ऐकते.

सांगण्याचा बाज गावाकडूनच घ्यावा. कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान येते. येथे माझ्या मते क्रम उलटा करावा, म्हणजे आधी धनेश व बेहडा आणि मागून विवेचन, तेही थोडके. दक्षिण कोकणात गाऱ्हाण्याच्या, म्हणजे गावातर्फे देवापुढे मोठ्याने केलेल्या मागण्याच्या, प्रत्येक मागणीला जमाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. गोष्टीच्या शेवटी गावाचा निर्णय गाऱ्हाण्यात घालावा, अशी विनंती गाऱ्हाणे घालणाऱ्या जाणत्यालाच करावी. आपण स्वतः तो आव आणू नये, ते हास्यास्पद दिसते.

राहता राहिला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: गोष्ट कोणाला सांगायची? आज कित्येक देवरायांना धोका कुऱ्हाडीपेक्षा जीर्णोद्धाराचा अधिक आहे. जुने कौलारू देऊळ पाडून स्लॅबचे देऊळ उभे राहते, पुढे सभामंडप वाढतो, गाड्यांसाठी जागा सपाट होते, आणि हे सारे श्रद्धेनेच घडते. त्यासाठीचा पैसा व आराखडा पुष्कळदा मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाकडून येतो. म्हणून गावातल्या वृद्धांना, ज्यांना राई मुळातच प्रिय आहे, ती गोष्ट पुन्हा ऐकवण्यात फारसे हशील नाही. ती गणपतीला किंवा शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांना, आणि जमल्यास मंडळाच्या मुंबईतल्या बैठकीत, वर्गणीचे आकडे ठरण्यापूर्वी सांगावी. देवळाला विरोध करायचा नाही, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करावे. सोबत मुलांनी केलेला राईचा नकाशा न्यावा, ज्यात प्रत्येक मोठ्या झाडाचे नाव आणि छातीच्या उंचीवर दोरीने मोजलेला घेर लिहिलेला असेल, आणि मंडळींच्या हाती पेन्सिल देऊन सभामंडप कोठे बसतो ते त्याच कागदावर त्यांनाच काढायला सांगावे.