कुत्र्याला पट्टा न ओढता चालायला कसं शिकवायचं (आणि स्वतःचा खांदा कसा वाचवायचा)

शेरू घरी आला तेव्हा 9 किलोचा होता, दीड वर्षात 27 चा झाला, आणि तेवढ्या काळात मी त्याला रोज न चुकता एकच गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे जोर लावला की पुढे जाता येतं. मुद्दाम नाही हो शिकवली. त्याला खांब दिसायचा, तो खेचायचा, मी "अरे हळू, अरे थांब" करत मागून फरफटत जायचो, तो खांबापाशी पोचून मनसोक्त हुंगायचा, झालं, काम फत्ते. कुत्रा हट्टी असतो म्हणून किंवा आपल्यावर दादागिरी करायला ओढत नाही, ओढल्यावर हवं ते मिळतं म्हणून ओढतो. त्यात त्याची चाल मुळातच आपल्यापेक्षा फास्ट, आणि अंगावर मागून ताण आला की तो आपोआप उलट दिशेला जोर लावतो, त्यामुळे तुम्ही मागे खेचलंत की तो अजूनच पुढे खेचणार, रस्सीखेच चालू.

म्हणजे करायचं काय तर हा हिशोब उलटा फिरवायचा. पट्टा सैल तर गाडी पुढे, पट्टा ताठ तर गाडी बंद. ऐकायला सोपंय, करायला चिकाटी लागते.

आधी सामान बघा. पट्टा साधा, दीड ते दोन मीटरचा घ्या. तो बटणवाला, आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा या कामाला अजिबात नको, कारण त्यातल्या स्प्रिंगमुळे तो कायम थोडा ताणलेलाच असतो आणि कुत्रा जरा पुढे गेला की अजून लांब होतो, म्हणजे ओढण्याचं बक्षीस लगेच हातात. गळपट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, बरा, त्यातही छातीवर पुढे रिंग असलेला, कारण कुत्र्याने जोर लावला की त्याचं अंग बाजूला वळतं आणि ओढण्यात मजा राहत नाही. नुसती पाठीवर रिंग असलेल्या हार्नेसमध्ये तो पूर्ण छातीचा जोर लावू शकतो, स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांना पट्टे तसेच मागून जोडतात हे लक्षात घ्या. हार्नेसच्या पट्ट्यांखाली तुमची दोन बोटं आरामात जायला हवीत. गळा आवळणारी साखळी, आतून काटे असलेली कॉलर, हे मी सुचवणार नाही, त्याने गळ्याला इजा होऊ शकते आणि कुत्रा भितो ते वेगळंच. आणि पट्टा हाताला गुंडाळून घेऊ नका, एकदा मांजर दिसलं आणि माझी दोन बोटं आठवडाभर सुजली होती.

ट्रीट एकदम छोटी हवी, वाटाण्याएवढी, मऊ, चटकन गिळता येईल अशी. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे बहुतेकांना चालतात. दिवसभराच्या जेवणातून तेवढं कमी करा, नाहीतर कुत्रा सरळ चालायला शिकेल पण पिंप होईल.

सुरुवात घरातच करायची, रस्त्यावर नाही. हे सगळे टाळतात आणि इथेच गाडी अडते. खोलीत पट्टा लावून उभे राहा, तो तुमच्या बाजूला आला की "हां!" म्हणा आणि लगेच ट्रीट द्या. लगेच म्हणजे एक-दोन सेकंदात, नंतर दिलीत तर कशाबद्दल मिळाली ते त्याला कळत नाही. "हां"च पाहिजे असं काही नाही, कुठलाही छोटा शब्द चालेल, फक्त दरवेळी तोच. ट्रीट कुठे देता ते सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या पँटच्या बाजूच्या शिवणीला हात टेकवून द्यायची. हात पुढे करून दिलीत तर तो ट्रीटसाठी पुढे पुढेच येणार, मी पहिले 4 दिवस हीच चूक केली आणि शेरू माझ्या पायात येऊन मलाच पाडत होता. मग एक पाऊल, ट्रीट. दोन पावलं, ट्रीट. पाच, मग परत दोन, मग आठ, म्हणजे त्याला अंदाज येता कामा नये. एका वेळी 5 मिनिटं बास, दिवसातून दोन-तीनदा.

घरात जमलं की दार. पट्टा हातात घेतल्यावर जो काही गोंधळ घालतो तो बघा, कारण उड्या मारत बाहेर पडलेला कुत्रा पहिल्या पावलापासून ओढणारच. उड्या मारल्या की हात खाली, नुसते उभे राहा, चारही पाय जमिनीवर आले की पट्टा लावा, परत उड्या तर परत थांबा. पहिल्या दिवशी आम्हाला दाराबाहेर पडायला 11 मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होतो.

आता बाहेर. पट्ट्याला मध्ये थोडं पोट सुटलेलं असलं पाहिजे, म्हणजे तो सैल लोंबतोय. ते पोट गेलं, पट्टा ताठ झाला, की जागच्या जागी थांबायचं. पट्ट्याचा हात कमरेशी धरा, ओरडू नका, मागे हिसका देऊ नका, खांबासारखे उभे राहा. तो आधी अजून जोर लावेल, मागच्या पायाची नखं जमिनीवर खरडतील, कदाचित भुंकेल, हे होणारच, कारण इतके दिवस चालणारी युक्ती आज का चालत नाही ते त्याला बघायचं असतं. नेमकं याच वेळी लोक कंटाळून एक पाऊल पुढे टाकतात आणि तो शिकतो की अजून जोरात ओढायचं. थांबा. कधीतरी एक कान मागे वळतो, मग मान, मग तो अर्धं पाऊल मागे येतो आणि पट्ट्याला परत पोट सुटतं. "हां!", शिवणीपाशी ट्रीट, चला पुढे.

नुसतं थांबून भागत नसेल तर आनंदी आवाजात हाक मारून उलट दिशेला वळा, हिसका न देता, तो तुमच्या बाजूला आला की ट्रीट. पण दर चार पावलांनी गरागरा वळू नका, त्याला काही कळत नाही आणि आपल्याला चक्कर येते.

बाहेर खाण्यापेक्षा मोठं बक्षीस म्हणजे वास. तेव्हा दहा-बारा पावलं सैल पट्ट्याने चालला की "जा, हुंग" म्हणून झाडाशी जाऊ द्या, पुरता हुंगू द्या, घाई करू नका. त्याच्यासाठी फिरणं म्हणजे मुख्यतः तेच असतं. ज्या खांबासाठी तो ओढायचा तोच खांब आता न ओढता मिळतोय, हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

दुसरा कुत्रा समोर आला तर? लांबूनच बाजूला व्हा. किती लांब, तर तुमच्या कुत्र्याला समोरचा दिसतोय पण तरी तो ट्रीट घेतोय इतकं. नाकासमोर धरलेली ट्रीट पण घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, अजून मागे जा, अशा वेळी शिकवत बसू नका.

ट्रीट हळूहळू कमी करायच्या, आधी दर दोन पावलांनी, मग दहा, मग कधीतरीच, हुंगणं मात्र चालू ठेवा. किती दिवस लागतील हे कुत्र्यावर आहे, पिल्लू पटकन उचलतं, दोन वर्षं ओढलेल्याला महिने लागू शकतात. आणि घरातल्या सगळ्यांना नियम सारखाच हवा. आमच्याकडे मी थांबायचो आणि संध्याकाळी आमचे बाबा "जाऊ दे रे, त्याला घाई आहे" म्हणून पळत जायचे, त्यात तीन आठवडे वाया गेले.

राहता राहिला तो दिवस जेव्हा तुम्हाला उशीर झालाय आणि त्याला फक्त शी-शू करून आणायचंय. त्या दिवशी पट्टा पाठीच्या रिंगला लावा, थोडाफार ओढला तर ओढू दे. छातीची रिंग म्हणजे शिकायची वेळ, पाठीची म्हणजे सुट्टी. शेरूला हा फरक कळायला आठवडाही लागला नाही. बाबांना मात्र अजून सांगावं लागतं कुठली रिंग लावलीये ते.