फणसोंबा ओळखायचाय? आधी झाड बघा

मागच्या पावसाळ्यात ठाण्यात आमच्या सोसायटीतल्या गुलमोहराच्या बुंध्याशी लालसर, पॉलिश मारल्यासारखी चकचकीत अळंबी दिसली. म्हटलं सापडला फणसोंबा, कोकणात उगाळून औषध म्हणून लावतात ती अळंबी, खुशीत घरी आणला, तर आत्याने हातात न घेताच विचारलं, "कुठल्या झाडावरचा?" झालं, तिथेच नापास! ते गॅनोडर्मा होतं, जपानी लोक ज्याला रेशी म्हणतात त्याच्या खानदानातलं.

तर पहिली स्टेप झाड. फणसोंबा म्हणजे जुन्या फणसाच्या खोडावर येणारी फेलिनस गटातली अळंबी, कोणी फणस अळंबंही म्हणतं. जमिनीतून छत्रीसारखं काही उगवलं असेल तर ते हे नाहीच, त्याच्या नादी लागू नका.

मग आकार. देठ नसतो, घोड्याचा खूर खोडाला चिकटवल्यासारखा दिसतो. वरून काळपट, भेगाळलेला, चमक अजिबात नाही, पावसात कडेला मात्र पिवळट तपकिरी मखमली पट्टी दिसते, ती त्या वर्षीची नवी वाढ. खालून बघा, पापुद्रे नसतात, इतकी बारीक छिद्रं असतात की नुसत्या डोळ्यांना गुळगुळीतच वाटतं, भिंग लागतं. बोटाने दाबून बघा, लाकूडच. कापलात तर आत गंजासारखा रंग आणि दरवर्षीच्या वाढीचे थर. कॉलेजच्या लॅबमध्ये कोणी ओळखीचं असेल तर आतल्या गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायला सांगा, गर काळा पडतो. हे घरी करू नका, कातडी भाजते. आणि एवढं करून जात नक्की कुठली ते मायक्रोस्कोपशिवाय कळत नाही.

शोधायचं कुठे? येऊरला जाल तर फक्त फोटो काढा, ते संजय गांधी नॅशनल पार्कात येतं आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे तिथलं काही तोडून आणता येत नाही. त्यापेक्षा गावठाणात, जुन्या वाडीत एखादा म्हातारा फणस उरलाय का बघा, मालकाला विचारा. वाऱ्यापावसात त्याखाली उभं राहू नका हं, ही अळंबी खोड आतून कुजवते, फांदी कधी येईल खाली सांगता येत नाही.

कोकणात लहान मुलांचं तोंड आलं, लाळ फार गळायला लागली की हा सहाणेवर पाण्यात उगाळून लावतात. तुम्ही स्वतः ओळखलेला तुकडा वैद्यांना दाखवल्याशिवाय बाळाच्या तोंडात घालू नका, माझा गुलमोहरवाला किस्सा आठवा. आत्याच्या डब्यातला तुकडा तिच्या सासूबाईंपासूनचा आहे, उगाळून उगाळून एका बाजूने सपाट झालाय.