लिंक आणि टाय रॉडसाठी ट्यूब निवडताना या चुका टाळा

जीप, जिप्सी किंवा जिमनीसाठी सस्पेन्शन लिंक (ॲक्सलला चेसिसशी जोडणारे दांडे) किंवा टाय रॉड (पुढची दोन चाकं एकमेकांना जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) बनवून घेणं पुण्यात अवघड नाही. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात ट्यूब, लेथ आणि सीओटू वेल्डिंग एकाच दुपारी मिळून जातं. गडबड होते ती दुकानाच्या काउंटरवर. तिथे जे कापून मिळतं तेच घेतलं जातं, आणि त्याची खरी परीक्षा मुळशीकडच्या काळ्या दगडावर होते.

पाण्याचा पाइप लिंकला वापरणं

हार्डवेअरच्या दुकानात पिवळ्या, निळ्या किंवा लाल पट्ट्याचा जो पाइप मिळतो तो आयएस १२३९ चा. पिवळा लाइट, निळा मीडियम, लाल हेवी म्हणजे सी क्लास. हा पाइप पाणी, हवा, वाफ वाहून नेण्यासाठी असतो आणि त्याच्या पोलादाची किमान ताणताकद (ओढून तुटण्याआधीचा कमाल ताण) फक्त ३२० मेगापास्कल असते. ‘सी क्लास आहे, जाड आहे’ हे दुकानदाराचं म्हणणं खरं असतं, पण जाडी हा अर्धाच प्रश्न आहे.

आकडे मांडून बघा. लोअर लिंक ९०० मि.मी. लांब आहे, बरोबर मध्यावर दगड लागला आणि त्यावर गाडीचं ८०० किलो वजन आलं असं धरा. सव्वा इंची मीडियम पाइपमध्ये (बाहेरून ४२.४, जाडी ३.२ मि.मी.) साधारण ४९० मेगापास्कल ताण येतो. साध्या पोलादाची यील्ड, म्हणजे ज्यापुढे ते परत सरळ होत नाही तो ताण, सुमारे २४० असते. म्हणजे हा पाइप जेमतेम ३९० किलोवरच कायमचा वाकतो. तेही वजन हळूच ठेवलं तर. गाडी आपटली की भार सहज दुप्पट होतो.

पाइप गॅल्व्हनाइज्ड असेल तर आणखी एक भानगड. जस्त जळून वेल्डमध्ये छिद्रं पडतात आणि तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. ग्राइंडरने वरचं जस्त काढलं तरी आतलं राहतंच.

मापातही फसगत होते. पाइप नॉमिनल बोअरने विकतात, ट्यूब बाहेरचा व्यास आणि जाडीने. ‘दीड इंची’ मागितलं तर पाइपवाला बाहेरून ४८.३ मि.मी.चा देतो, ट्यूबवाला ३८.१ चा. लेथवाल्याने इन्सर्ट (ट्यूबच्या टोकात बसवायचे आट्यांचे तुकडे) आधीच उतरवून ठेवले असतील तर ते गेले भंगारात.

‘सीमलेस आहे’ एवढ्यावर भागवणं

सीमलेस म्हणजे बिनशिवणीची. ही बनवण्याची पद्धत आहे, ताकदीची खूण नाही. बाजारात सहज मिळणारा सीमलेस पाइप बहुतेक वेळा ए१०६ ग्रेड बी असतो. त्याची किमान यील्ड २४०, म्हणजे चांगल्या ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून शिवण वेल्ड केलेल्या) स्ट्रक्चरल ट्यूबइतकीच. दर मात्र बराच जास्त.

लिंकसाठी हवी ती कोल्ड ड्रॉन ट्यूब. अमेरिकन व्हिडिओंमध्ये जिला डीओएम म्हणतात ती आपल्याकडे सीडीडब्ल्यू किंवा सीईडब्ल्यू नावाने मिळते. हिला शिवण असते, पण नंतर डायमधून थंड ओढल्यामुळे ती पुसल्यासारखी होते, माप नेमकं येतं आणि ताकद वाढते. दुसरा पर्याय हायड्रॉलिक सिलिंडरवाल्यांकडची एसटी५२. नव्या युरोपीय नावात ही ई३५५. मागताना नुसतं ‘एसटी५२’ म्हणू नका, कंडिशनही विचारा. नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेली) असेल तर किमान यील्ड ३५५, ताण काढलेली म्हणजे एसआर असेल तर ४५०. कडक ओढून तशीच सोडलेली प्लस-सी कंडिशन टाळा: ताणताकद ६४० दिसते, पण तुटण्याआधी फक्त ४ टक्के ताणली जाते. स्टिअरिंगचा भाग वाकला तर गाडी कशीबशी थांबवता येते, तुटला तर नाही. म्हणून इथे ताणक्षमता ही ताकदीइतकीच महत्त्वाची.

बिलासोबत टेस्ट सर्टिफिकेट मागा. त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा नंबर) ट्यूबवरच्या नंबराशी जुळतो का ते बघा. तुकडा कापून घेतल्यावर नंबर कापलेल्या बाजूला राहून जातो, म्हणून कापायच्या आधी फोटो काढा. सर्टिफिकेट नसेल तर तो माल २४० चा धरून हिशेब करा, दुकानदार काहीही म्हणो.

जाडी व्हर्निअरने दोन्ही टोकांना चार ठिकाणी मोजा आणि वजनाने ताडून पाहा. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने आणि ०.०२४६६ ने गुणा, की मीटरला किती किलो ते येतं. ५०.८ × ६.३५ ची ट्यूब मीटरला ६.९६ किलो भरायला हवी. साडेसहाच्या खाली भरली तर कुठेतरी भिंत पातळ आहे.

४१३० चा हट्ट

बाहा या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफरोड गाड्यांच्या स्पर्धेमुळे पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये ४१३० चं, म्हणजे क्रोम-मॉलिब्डेनमच्या मिश्र पोलादाचं, नाव तोंडपाठ असतं. रोल केजचं (गाडी उलटल्यावर वाचवणाऱ्या सांगाड्याचं) वजन कमी करायला ती उत्तम. पण नॉर्मलाइज्ड ४१३० ची यील्ड साधारण ४३५ येते, म्हणजे एसआर कंडिशनच्या ई३५५ च्या आसपासच. वर तिला आर्गन वेल्डिंग, योग्य फिलर आणि सावकाश थंड होणं लागतं. वेल्ड झाल्यावर पाणी मारलं की वेल्डलगतची पट्टी काचेसारखी ठिसूळ. दोन टनी गाडीच्या लोअर लिंकसाठी तो पैसा जाड भिंतीवर खर्च करावा, असं आमचं स्पष्ट मत.

व्यास की जाडी, यात गोंधळ

३८.१ × ६.३५ ची ट्यूब मीटरला ४.९७ किलो. ५०.८ × ३.२ ची ३.७६ किलो. हलकी असूनही दुसरी सुमारे ६४ टक्के जास्त ताठ आहे, कारण ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. पण म्हणून सरसकट पातळ भिंत घेऊ नका. दगडाचा कोपरा पातळ भिंतीला आत ढकलतो, आणि एकदा पोचा पडला की लिंक तिथेच घडी पडून मोडते.

म्हणून जागेनुसार ठरवा. लोअर लिंक दगडाच्या वाटेत, तिथे व्यास आणि जाडी दोन्ही. वरच्याच ९०० मि.मी. आणि ८०० किलोच्या हिशेबात ५०.८ × ३.२ मध्ये ३३० मेगापास्कल येतो, ४४.४५ × ६.३५ मध्ये २७७ आणि ५०.८ × ६.३५ मध्ये २००. शेवटची ट्यूब साध्या पोलादात घेतली तर जेमतेम १.२ पट राखीव, एसआर ई३५५ मध्ये सव्वादोन पट. अपर लिंक चेसिसच्या आत लपलेली असते, तिला ४.५ ते ५ मि.मी. जाडी पुरते.

डिफला (ॲक्सलमधल्या डिफरन्शियलला) वाट द्यायला लिंक किंवा पॅनहार्ड रॉड (ॲक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा) वाकवायचा असेल तर वेगळा हिशेब. ३० मि.मी. बाजूला काढलेल्या रॉडवर दोन टनांचा ओढ-दाब आला की वाकवणारा भार जवळपास ६०० न्यूटन-मीटर होतो, दगड न लागताही. सरळ रॉडला तो शून्य असतो. ब्रॅकेट हलवून रॉड सरळ ठेवता येत असेल तर तेच करा.

टाय रॉड: महाग पोलादाने न सुटणारा प्रश्न

टाय रॉड बहुधा दाबाखाली बाजूला फुगतो, म्हणजे बकल होतो. लांब, सडपातळ रॉडचा हा भार पोलादाच्या ग्रेडवर अवलंबूनच नसतो, कारण साधं काय आणि मिश्र काय, सगळ्या पोलादांची लवचीकता जवळपास सारखीच असते. ११०० मि.मी. लांबीचा २५ × ३ चा सरळ रॉड सुमारे २.२ टनांवर बकल होतो, ३२ × ६ चा सुमारे ७.४ टनांवर. २५ × ३ मध्येच ४१३० घातलं तरी आकडा २.२ च राहतो. ग्रेड उपयोगी पडते ती रॉडवर दगड आपटल्यावर.

मग भरीव सळईच का नको? ३२ मि.मी.च्या भरीव बारमधल्या मधल्या २० मि.मी. गाभ्याचं वजन एकूण वजनाच्या ३९ टक्के असतं, पण ताठरपणात त्याचा वाटा १५ टक्केच. तेवढं अनस्प्रंग (स्प्रिंगच्या खालचं) वजन उगाच वाढवायचं.

सिलिंडरचा जुना क्रोम रॉड तर अजिबात नको. चकचकीत दिसतो, भंगारात स्वस्त मिळतो, पण तो बहुधा सीके४५ (मध्यम कार्बनचं पोलाद) असतो आणि अनेकदा वरून इंडक्शन हार्डन (नुसता पृष्ठभाग कडक) केलेला. वेल्ड केला की लगतच केसासारखी चीर पडते, आणि तापलेल्या क्रोमचा धूर विषारी असतो.

नोंदणी असलेल्या गाडीबद्दल एक गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना आडवं येतं. घरी बनवलेलं स्टिअरिंग हे ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीसाठीच.

इन्सर्ट आणि आटे

लेथवाला इन्सर्टसाठी बहुतेकदा ईएन१ए ची ब्राइट बार उचलतो, कारण ती लोण्यासारखी कापली जाते. तिच्यात मुद्दाम गंधक, कधी शिसं असतं आणि त्यामुळे वेल्ड थंड होतानाच मधोमध तडकतो. ईएन३ (साधं कमी कार्बनचं पोलाद) किंवा एसटी५२ सांगा. ईएन८ (मध्यम कार्बनचं) असेल तर १५० ते २०० अंश प्रीहीट आणि लो-हायड्रोजन ७०१८ रॉड, तोही ओव्हनमधून काढलेला. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड ओलसरच असतो.

इन्सर्ट निदान ४० मि.मी. आत जावा आणि ०.१ ते ०.२ मि.मी. पेक्षा जास्त ढिला नसावा. ईआरडब्ल्यू ट्यूबमध्ये आतल्या शिवणीचा उंचवटा अडतो. तेव्हा इन्सर्टवर खाच घेऊ नका, ट्यूब आतून बोअर करा. टोकाला व्ही-खाच करून गोल वेल्ड, शिवाय १२ मि.मी.च्या भोकांतून दोन प्लग वेल्ड, समोरासमोर नव्हे तर पुढेमागे.

थेट ट्यूबमध्ये आटे पाडायचे तर माप आधी जुळवा. ३२ × ६ ला आतून २० मि.मी. मिळतात. ते २०.५ करून एम२२ × १.५ चा टॅप मारला की बाहेर ५ मि.मी. भिंत उरते, हे पुरेसं. एका टोकाला डावे आटे हवेत, नाहीतर टो (पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) सेट करताना दर वेळी एक टोक सोडवत बसाल. आटे व्यासाच्या दीडपट, म्हणजे ३३ मि.मी. तरी आत हवेत. तेवढ्या अंतरावर ३ मि.मी.चं भोक पाडून ठेवा: तार आत घातली आणि आट्यांवर अडली तर ठीक, आरपार गेली तर रॉड एंड (टोकाचा फिरता जॉइंट) खूप बाहेर आलाय.

मध्यावर वेल्ड

शॉक ॲब्सॉर्बरची किंवा ब्रेक पाइपची क्लिप लिंकच्या मधोमध वेल्ड करणं ही फार दिसणारी चूक. कोल्ड ड्रॉन ट्यूबची वाढीव ताकद थंड ओढण्यातून आलेली असते, वेल्डच्या उष्णतेने ती त्या पट्ट्यात निघून जाते. दोन्ही टोकं फिरती असल्यामुळे टोकाशी वाकवणारा भार जवळजवळ शून्य आणि मध्यावर सर्वांत जास्त. म्हणून टोकाचा वेल्ड चालतो, मधला चालत नाही. क्लिप हवीच असेल तर स्टेनलेसच्या बँडने बांधा. भोक तर पाडूच नका.

तुटलेला भाग काय सांगतो

मध्यावर सलग कमान आली असेल तर व्यास वाढवा. एका जागी पोचा पडून घडी आली तर भिंत पातळ. वेल्डच्या कडेला समांतर चीर गेली असेल तर पोलाद किंवा ओला रॉड तपासा, वेल्ड ‘अजून जाड’ करून उपयोग नाही. रॉड एंडचा शँक (आटे असलेला दांडा) लॉकनटपाशी वाकला असेल तर दोष ट्यूबचा नाहीच: जॉइंट त्याच्या कोनाच्या मर्यादेला टेकतोय, किंवा आटे जास्त बाहेर आहेत.

टाय रॉड थोडा वाकला तर घरी जाईपर्यंत कळतही नाही, पण टायर सांगतात. ११०० मि.मी.चा रॉड मध्यावर ४० मि.मी. वाकला की लांबी ३ ते ४ मि.मी. कमी होते. स्टिअरिंग आर्म १५० मि.मी.चा आणि टायर ७४० मि.मी.चा असेल तर साडेतीन मि.मी.चे टायरवर सुमारे १७ मि.मी. होतात. रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर हा टो-आउट (चाकांची तोंडं बाहेर), आणि गाडी एक्स्प्रेसवेवर डुलायला लागते. ट्रॅकवरून निघायचंच असेल तर रॉड थंडाच सरळ करा, गॅसने तापवून नाही. घरी पोचल्यावर तो बदला. एकदा यील्ड होऊन सरळ केलेला रॉड पुढच्या वेळी त्याच जागी, कमी भारावर वाकतो.