जुन्या कागदांचा रुमाल सोडण्याआधी सन शिका

मोडी लिपी येत नसेल तर पेशवाईवर काम सुरूच करू नका. पैसे देऊन लिप्यंतर करून घेणारे बरेच भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. वाचणाऱ्याने कुठे अडखळून अंदाजाने अक्षर लावलं, हे तुम्हाला कळणार कसं? पण घाबरू नका. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, हे खरं. तरी रोज एक पान नकलून काढलं की काही महिन्यांत डोळा बसतो.

पुण्यात कागदांना तोटा नाही. पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादलेले दप्तराचे ४५ खंड आधी चाळा. पण ती निवड आहे, हे विसरू नका.

मी फसलो तो तारखेत. पत्राच्या शेवटी 'छ' म्हणजे चंद्र, पुढे अरबी महिना, आणि 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असा सन. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार: सुहूर सन, म्हणजे मराठी कागदांतली जुनी कालगणना, ११६१. कुणीतरी सांगितलं, ५९९ मिळव की इसवी सन आला. मी सगळीकडे तेच केलं. पण हा सन जानेवारीत बदलत नाही, मृग लागला की बदलतो. म्हणजे जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९, आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. त्या सनातलं रजब महिन्याचं, पैशाच्या ओढाताणीचं एक पत्र मी १७६० मध्ये टाकलं आणि पानिपतापूर्वीची चणचण म्हणून त्यावर अख्खं प्रकरण रचलं. त्या सनातला रजब येतो फेब्रुवारी १७६१ मध्ये. लढाई १४ जानेवारीला होऊन गेली होती! प्रकरण फाडून टाकलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

शकाचंही तेच. पानिपत पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ७८ मिळवलेत तर १७६० येतं. त्या साली पौषातल्या त्या तिथीआधीच इसवी वर्ष उलटून गेलं होतं, तिथे ७९ हवेत. बेरजेवर विसंबू नका, जंत्री उघडा, म्हणजे तिथी आणि इसवी तारखा जुळवून देणारं पुस्तक. मार्गदर्शकांनी हे पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं. मला कुणी शिकवलं नाही.

आता माझ्या वहीत प्रत्येक कागदाला तीन रकाने असतात: कागदावर आहे तसा सन, मग तिथी आणि वार, शेवटी इसवी तारीख. ती मी पेन्सिलीनेच लिहितो. वार जुळला की शाई.